बिनरस्त्याची मौज

मुंबईतील मोटारप्रेमींच्या क्लबांमध्ये अलीकडच्या वर्षांत एक नवा छंद रूढ झाला आहे. शनिवारी पहाटे, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाड्यांचा ताफा राष्ट्रीय महामार्ग 48 वरून उत्तरेकडे निघतो, डहाणू किंवा तलासरी तालुक्यात डांबरी रस्ता सोडतो, आणि मग दोन दिवस माळ, चढण, चिखल व ओढ्याचे पात्र यांतून गाड्या हाकल्या जातात. एकाची गाडी रुतली की दुसऱ्याने ती ओढून काढावयाची, रात्री तंबू ठोकून शेकोटीभोवती बसावयाचे आणि रविवारी सायंकाळी घरी परतावयाचे. या प्रकाराला ‘ऑफ-रोडिंग’ असे नाव आहे. रस्ता नसणे हेच त्याचे मुख्य आकर्षण होय.

या छंदाची सरसकट निंदा करण्याचे कारण नाही. आठवडाभर चार भिंतींत काम करणाऱ्या माणसाला उघड्या आकाशाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. समाजवादी विचाराने माणसाच्या आनंदाशी कधी वैर मांडलेले नाही. उलट, ज्या रविवारी ही मौज केली जाते तो रविवारच श्रमिकांच्या लढ्याने मिळवून दिलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा 1890 च्या जून महिन्यात मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. विश्रांती हा हक्क आहे, चैन नव्हे, हे आपणच जगाला सांगत आलो. मात्र ज्या शेतमजुराच्या पाड्याशेजारी हे तंबू पडतात त्याच्यापर्यंत तो हक्क अद्याप पोहोचलेला नाही. त्याचा ज्या दिवशी खाडा होतो, त्या दिवशीची मजुरी बुडते.

प्रश्न सुरू होतो तो ‘मोकळी जागा’ या शब्दापासून. महामार्गावरून पाहणाऱ्याला डहाणू-तलासरीचा माळ ओसाड दिसतो. वस्तुतः तो कधीच ओसाड नव्हता. वरकस जमिनीवर पावसाळ्यानंतर वाढणारे गवत हे या भागाचे मोठे उत्पन्न होते. मुंबईच्या गोठ्यांतील जनावरे त्यावर जगत. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे पाच हजार वारली स्त्री-पुरुष जमले आणि वेठ व लग्नगडी या प्रथा झुगारून देण्याचा निर्धार त्यांनी केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लढा पेटला तो गवत कापण्याच्या मजुरीवरून. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, एवढीच ती मागणी होती. 10 ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा इतिहास नोंदवून ठेवला आहे. ज्या गवतासाठी रक्त सांडले, ते गवत आज मोटारीच्या चाकांना केवळ उडविण्याजोगे दिसते.

अर्थशास्त्रात एक साधे तत्त्व आहे. ज्या वस्तूला बाजारात किंमत नसते, तिच्या नाशाचा खर्च कोणाच्याच हिशेबात येत नाही. परंतु तो खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बळाच्या खात्यावर पडतो. जड गाड्यांच्या चाकाखाली ओली माती दबली की तिच्यात पाणी मुरत नाही आणि पुढच्या पावसात चाकोरीचीच घळ होते. खाचराचा बांध फुटला तर भातात पाणी ठरत नाही. ओढ्याच्या पात्रात खड्डा करून उन्हाळ्यात पाणी भरणाऱ्या बाईला गढूळ आणि तेलकट पाणी मिळते. क्लबच्या जमाखर्चात इंधन, भोजन आणि जागेचे भाडे यांची नोंद असते. या तिन्ही नुकसानींची नसते.

“परंतु यामुळे गावात पैसा येतो”, असे उत्तर दिले जाते. पैसा येतो, हे खरे. तो कोणाकडे येतो, एवढेच विचारावयाचे. भाडे जमीन ताब्यात असणाऱ्याला मिळते, भोजनाचा ठेका रिसॉर्टचालकाला मिळतो आणि वारली कुटुंबाच्या वाट्याला लाकडे पुरविण्याची नाही तर शेकोटीपुढे तारपा वाजवून नाच करण्याची मजुरी येते. ज्या तारप्याभोवती समाज आपल्या सणाला फेर धरतो, तो तासाच्या दराने पाहुण्यांपुढे आणणे हा रोजगार म्हणून सांगितला जावा, यातच या विकासाचे मोल कळते.

ही सहल ज्या दोन गोष्टी विकत घेते, त्या दोन्ही या जिल्ह्यातील गरिबाला फुकट मिळालेल्या आहेत. पहिली म्हणजे रस्ता नसणे. 2022 च्या ऑगस्टमध्ये याच पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात एका आदिवासी मातेची जुळी बालके जन्मतःच दगावली आणि तिला डोलीत घालून चिखलातून काही किलोमीटर पायी न्यावे लागले, कारण पाड्यापर्यंत वाहन येत नव्हते. दुसरी म्हणजे तंबूतील रात्र. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी त्यांतील एकाची तीव्रता 4.1 इतकी होती. धुंदलवाडीच्या परिसरात घरांच्या भिंतींना तडे गेले, घाबरून पळताना पडून एक लहान मूल दगावले, आणि ऐन थंडीत माणसे लेकरांना घेऊन सरकारी तंबूत किंवा उघड्यावर झोपली. चिखल तोच, तंबूही तोच. एकाला रविवारी सायंकाळी त्यातून परत जाता येते, दुसऱ्याला येत नाही, एवढाच फरक. आणि विषमता या शब्दाचा अर्थ नेमका एवढाच आहे.

रस्ते बांधण्याची या राज्याला क्षमता नाही, असे कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यातून महामार्ग जातो, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनचा मार्ग आखला गेला, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराला केंद्र सरकारने जून 2024 मध्ये 76 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची मंजुरी दिली. जमिनीवरून निघून जाणारा रस्ता लवकर होतो. पाड्यापर्यंत येऊन थांबणारा रस्ता मात्र निधीची वाट पाहत राहतो.

मग करावयाचे काय? गाड्या अडविणे आणि तरुणांना हुसकावणे हा मार्ग नव्हे. त्याने कटुता वाढेल आणि मूळ प्रश्न बाजूला राहील. डहाणू आणि तलासरी हे पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीचा सांभाळ करण्याचा अधिकार मान्य केला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल व जलस्रोत यांच्या रक्षणाचे काम वनहक्कधारकांकडे व ग्रामसभेकडे सोपविले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हे सारे कागदावर आहे. ते माळावर उतरविणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

प्रत्येक पाड्यावर तीन मागण्या मांडता येतील. ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय कोणत्याही क्लबला गाड्या आणता येऊ नयेत, आणि शुल्क कोणा एकाच्या खिशात न जाता ग्रामसभेच्या कोषात जमा व्हावे. ओढ्याचे पात्र, वनहक्काची जमीन आणि शेताचे बांध वर्ज्य असावेत. ग्रामसभा दाखवील त्याच वाटेने गाड्या फिराव्यात. आणि झालेल्या नुकसानीची पाहणी पाहुणे गावात असतानाच होऊन भरपाई जागेवर मिळावी.

यात एक मेख आहे, तिकडे दुर्लक्ष होऊ नये. या सहलींचा खरा हंगाम थंडीचा. नेमक्या त्याच महिन्यांत पाडे रिकामे होतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून. मागे उरलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे अंगठे घेऊन ग्रामसभेची संमती दाखविणे कोणालाही सोपे आहे. म्हणून हा ठराव दिवाळीपूर्वी, माणसे गावात असताना, स्त्रियांच्या उपस्थितीत आणि वारलीत वाचून दाखवून झाला पाहिजे.

एखाद्या क्लबने पावसाळ्यात रोगी पोहोचविण्यासाठी आपल्या गाड्या देऊ केल्या, तर त्या आनंदाने घ्याव्यात. परंतु त्या रस्त्याच्या जागी घेऊ नयेत. येत्या भातकापणीनंतर भरणाऱ्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर हे दोन विषय एकाखाली एक असावेत: पाहुण्यांच्या गाड्यांना परवानगी द्यावी की नाही, आणि आपल्या पाड्याचा रस्ता कोणत्या वर्षी होणार.