पट कमी आहे म्हणून शाळा मोडू देऊ नका

वीसच्या आत पट असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बंद करायच्या आणि तिथल्या मुलांना लांबच्या मोठ्या शाळेत न्यायचं, हा बेत राज्यात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांवर ही वेळ आली. सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देऊन लहान शाळा एकत्र करून उभारायच्या ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले गेले. त्या वेळी वीसच्या आत पट असलेल्या शाळांची संख्या १४,७८३ सांगितली जात होती आणि त्यांत शिकणारी मुलं होती १ लाख ८५ हजार ४६७. एका शाळेत सरासरी बारा-तेरा लेकरं. एकेका शाळेचा आकडा किरकोळ वाटतो, म्हणूनच ती सहज खोडली जाते. बेरीज केली तर एका शहराएवढी लोकसंख्या होते.

ही मुलं कोणाची, हे आधी पाहू. ज्यांना परवडतं त्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. कोकणातल्या वाड्यांमधली कुटुंबं मुंबईला गेली. मागे उरली ती पाड्यावरची, तांड्यावरची, शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची मुलं. बऱ्याच घरांत मुलाला पैसे भरून शिकवतात आणि मुलगी गावच्या शाळेत राहते. म्हणजे पट घटतो तेव्हा उरलेल्या मुलांची गरज वाढलेली असते. ज्याला दुसरा पर्याय आहे तो निघून गेला. ज्याला नाही, त्याचीच शाळा आपण काढून घेणार का?

‘पण तिथे गुणवत्ता कुठे आहे?’ असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर टक्केवारीच्या तक्त्यात शोधू नका. आठ मुलांच्या शाळेत एकच मूल वाचनात अडखळलं की निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. त्यातली दोन मुलं दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर गेली आणि थेट उन्हाळ्यात परतली, तर त्यांचं निम्मं वर्ष बुडतं. तक्त्यात मात्र दोष शाळेच्या नावावर चढतो. दोन गुरुजी चार इयत्ता सांभाळतात. त्यातच ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि सर्वेक्षणं. एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याच्या पुढ्यात अख्खी शाळा. अशा शाळेला नापास ठरवण्याआधी तिला शिकवायला वेळ दिला का, हे विचारायला हवं.

तसा वेळ आणि गावाची साथ मिळाली तर काय घडतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर आली होती, बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, ग्रामस्थ उभे राहिले, पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये त्या शाळेने जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. या शाळा फक्त पटाच्या रकान्यावर तोलल्या असत्या, तर हे काहीच घडलं नसतं.

समूह शाळेत संगणक असेल, खेळायला सोबती असतील, प्रत्येक वर्गाला शिक्षक असेल, हे खरं. या सोयी मुलांना हव्यातच. पण पहिलीतलं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे जाणार कसं? गाडी बंद पडली, चालकाचा पगार थकला, तर सगळ्यात आधी कोणाची शाळा सुटेल? मुलीची. म्हणूनच शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सक्ती करायची तर शाळा मुलाच्या पावलांच्या टप्प्यात हवी, हे उघड आहे.

म्हणून पालकांना, ग्रामस्थांना आणि गावाबाहेर स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना कळकळीचं सांगणं आहे: आदेशाची वाट पाहू नका, आत्ताच हालचाल करा.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभाग पालक आणि निम्म्या महिला असतात. ती समिती सहीपुरती ठेवू नका. शाळेचा विकास आराखडा मागा, वाचा, त्यावर बोला. ग्रामसभेत ठराव करा: आमची शाळा बंद होणार नाही, रिकामी पदं भरा, कायद्यात बसत नाहीत ती अशैक्षणिक कामं गुरुजींच्या माथी मारू नका. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

गुढीपाडव्याला ‘पट वाढवा’च्या फेरीत सगळं गाव चालू द्या. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. त्याआधी एकेका मुलाचं नाव आणि आधारची नोंद बरोबर आहे ना, हे पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करा. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची, अभ्यासाची जबाबदारी गावाने वाटून घ्यावी.

आणि सरपंच, सदस्य, नोकरदार, स्वतः जिल्हा परिषदेत शिकवणारे शिक्षक, तुम्हाला एक विनंती. येत्या जूनमध्ये आपल्या मुलाचं नाव या शाळेत घाला. ज्या शाळेत गावातल्या बोलत्या माणसांची मुलं बसतात, तिथलं गळकं छप्पर लवकर शाकारलं जातं आणि तिथली रिकामी पदंही लवकर भरली जातात. बाकीच्या बारा-तेरा मुलांना तुमच्या भाषणापेक्षा तुमच्या मुलाची सोबत जास्त उपयोगी पडेल. शाळा वाचवण्याची सुरुवात त्या एका प्रवेशअर्जापासून करा.