कुंपण सामाईक, ओझं कोणाचं?

युरोपात फिरून आलेली आपली मंडळी एक गोष्ट हमखास सांगतात, "एका व्हिसावर किती देश पाहिले! सीमा कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही." कौतुक रास्तच आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करार केला आणि १९९५ पासून आपसातल्या सीमांवरची तपासणी उठू लागली. आज त्यात २९ देश आहेत. पाऊणशे वर्षांत तीनदा लढलेले फ्रान्स आणि जर्मनी त्यात पहिल्यापासून होते, हे विशेष.

पण वाड्यातल्या मधल्या भिंती पाडल्या, की दिंडीदरवाजा सगळ्यांचा होतो. त्यासाठी २००४ साली 'फ्रॉन्टेक्स' ही संस्था निघाली. मुख्यालय वॉर्सात. २०२७ पर्यंत तिच्याकडे १०,००० जणांचं दल असावं असं ठरलं. पहारा वाटून घ्यायला कोणाची ना नाही.

ना आहे ती आलेल्या माणसाची जबाबदारी वाटून घ्यायला. 'डब्लिन' नियमानुसार आश्रयाचा अर्ज सहसा त्या देशानं तपासायचा, जिथे माणसाचं पहिलं पाऊल पडलं. म्हणजे इटली आणि ग्रीस समुद्रकाठी आहेत, हाच त्यांचा गुन्हा! ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुझा बेटाजवळ ३६० हून अधिक माणसं बुडाली. इटलीनं 'मारे नोस्त्रुम' मोहीम काढून वर्षभरात लाखाहून अधिक जीव वाचवले. खर्चाचा भार मुख्यत्वे तिच्यावरच पडला. वर्षानं ती थांबली आणि तिच्या जागी आलेली युरोपची सामाईक मोहीम बरीच लहान होती. पुढे २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे आले. तेव्हा १,६०,००० जणांना वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्यक्षात ३५,००० सुद्धा हलवले गेले नाहीत. हंगेरी, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांनी नियम मोडला, असा निकाल युरोपीय न्यायालयानं दिला, पण तो २०२० मध्ये. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

सीमा राखण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, याबद्दल वाद नाही. कोणाला घ्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे ठरवायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की मोकळ्या फिरण्याचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा आणि दारावरची दगदग एकट्यानं सोसायची, हे सहकार्य नव्हे.

२०२४ साली मंजूर झालेल्या नव्या करारात माणसं घ्या, पैसे द्या किंवा मनुष्यबळ आणि साहित्य पुरवा, असे पर्याय आहेत. अंमलबजावणीसाठी जून २०२६ ठरला. काहीच न देण्यापेक्षा हे बरं. पण ज्याला त्याला पैसे देऊन मोकळं व्हावंसं वाटलं, तर माणसं पुन्हा त्याच बेटांवर अडकतील. कुंपण किती उंच यापेक्षा, त्याच्याशी आलेल्या माणसाला कोण उत्तर देतो, यावर मी तरी या एकीची परीक्षा करीन.

तुम्हांला काय वाटतं? जरूर कळवा.