दाखवायचे दात, खायचे दात

सातवीत असताना गावातल्या हातपंपाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि माझ्या वरच्या पुढच्या दाताचा मोठा टवका उडाला. त्या दिवसापासून हसताना तोंडावर हात जायला लागला. उत्तर येत असूनही मी वर्गात उभी राहत नसे. सहा वर्षे अशीच गेली.

चोपड्याला कॉलेजात आले तेव्हा दात नीट करून घ्यायचे घरात ठरले. आत्या म्हणाली, "स्थळं यायच्या आत उरकून घ्या." वडील म्हणाले, "बसवायचाच तर पांढराशुभ्र बसवू." आई कापूस वेचायला जाते, तिने मजुरीतून साठवलेले पैसे पुढे केले. मला काय हवे ते कुणी विचारले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते.

पहिल्या दवाखान्यात दोन मिनिटांत निकाल लागला : दात घासून कॅप बसवा, रंग सगळ्यात पांढरा. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र समजावून सांगितले. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. दातावरचे कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते एकदा गेले की पुन्हा येत नाही. माझ्या दाताची नस जिवंत होती. मग दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लावून तुटलेला भाग भरून काढता येत होता. 1955 साली अमेरिकेत बुओनोकोर या संशोधकाने दाखवून दिले की, इनॅमलवर आम्ल लावले की त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. आजचे काम त्याच पायावर उभे आहे. मसाला थराथराने लावायचा, निळ्या प्रकाशाने कडक करायचा. एका बैठकीत काम झाले आणि खर्चही कॅपपेक्षा कमी आला. यालाही उणे आहेच. चहाने त्यावर डाग पडतात, कडक वस्तू फोडली तर टवका उडतो, काही वर्षांनी पुन्हा डागडुजी लागते. पण स्वतःचा दात शाबूत राहतो.

रंगाची गोष्ट तर मला फारच शिकवून गेली. डॉक्टरांनी सोळा छटांची पट्टी काढली आणि काम सुरू करण्यापूर्वीच, खिडकीच्या उजेडात, शेजारच्या दाताशी लावून पाहिली. काम लांबले की दात सुकतो आणि फिका दिसतो, म्हणून छटा आधीच ठरवायची. खरा दात हिरडीपाशी पिवळसर आणि टोकाशी किंचित पारदर्शक असतो. जाहिरातीतला पांढरा दात माझ्या तोंडात चुन्याच्या ठिपक्यासारखा दिसला असता. नैसर्गिक म्हणजे पांढरा नव्हे, नैसर्गिक म्हणजे शेजाऱ्याशी जुळणारा!

मित्रमैत्रिणींनो, यावर कोणी म्हणेल, दाताचे असले कौतुक श्रीमंतांना शोभते. दात आहेत तर चणे नाहीत अशा घरात हे नखरे कशाला? त्यांना माझे विचारणे आहे : सहा वर्षे गप्प बसलेल्या मुलीचे नुकसान कोणत्या हिशेबात धरायचे? तिच्या फीचे पैसेही त्याच मजुरीतून आले होते.

मात्र उलट टोकही मला मान्य नाही. दाढेला आधी ताकद हवी, रूप नंतर. दादरची भाकरी चावणाऱ्या दाढेवर धातूची कॅप बसली तर त्यात लाज कसली? धातूच्या कॅपला दात कमी घासावा लागतो. जुन्या चांदीच्या भरणात निम्म्याच्या आसपास पारा असतो आणि 2013 च्या मिनामाता करारात त्याचा वापर कमी करायचे ठरले, हे खरे. पण भरण धड असेल तर केवळ रंगासाठी ते उकरून काढण्यात शहाणपण नाही. आणि चांगले, धड दात नुसते पांढरे दिसावेत म्हणून घासून घेणे तर मला पापच वाटते.

आपली माणसे सोने घ्यायला जळगावला जातात. वजन, घट, मजुरी, हॉलमार्क, सगळे चारदा विचारतात. दाताच्या खुर्चीत बसल्यावर मात्र आपली वाचा जाते. का? तिथेही विचारावे : दात किती घासणार? दुसरा उपाय आहे का? किती वर्षे टिकेल? रंग कोणता, आणि तो कोण ठरवणार? शिकलेल्या डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही भीती आमच्यासारख्या पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या घरांत फार आहे. निदान शिकणाऱ्या मुलांनी तरी ती मोडावी.

आत्याला मी सांगितले आहे की, हा दात स्थळासाठी नाही. यंदा वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. क्रमांक आला नाही. पण सात मिनिटे बोलले आणि हात एकदाही तोंडाकडे गेला नाही.

— द्वितीय वर्ष कला