वहीतले रिकामे घर



मागच्या महिन्यात एका मंगल परिणयाच्या निमित्ताने आम्ही दुधनीला गेलो होतो. दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचे शेवटचे टोक. पलीकडे कर्नाटक सुरू होतो. आडत बाजारात तुरीचा भाव मराठीतही ठरतो आणि कानडीतही. कार्यक्रम आटोपल्यावर एका बांधवाने आग्रहाने घरी चहाला नेले. स्वतः आडतीवर हमाली करतात, पत्नी धान्य निवडायला जातात. थोरला मुलगा अकरावीला.

चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच त्या माउलीने तक्रार मांडली. "भाऊ, तुमीच याला दोन शब्द सांगा की ओ. कालेजच्या फीचे चार हजार डब्यात ठेवलेत. हा म्हणतोय, नाणं घ्यायचं त्याचं! एक नाणं!"

मुलगा मान खाली घालून बसला. आम्ही म्हटले, "बाळ, काय ते आम्हाला दाखव तरी." त्याने एक वही आणली. पानावर पट्टीने पंधरा घरे आखलेली, प्रत्येक घराखाली एका गावाचे नाव. रोम, लिओं, ट्रिअर, आर्ल, अँटिओक, अलेक्झांड्रिया, लंडन. रोमन साम्राज्याच्या टांकसाळी! दोन घरांत तांब्याची दोन बारीक नाणी चिकटवलेली. सोलापूरच्या एका प्रदर्शनात खाऊच्या पैशातून घेतलेली.

आम्ही थक्क झालो. हमालाच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली, हे पोर रोमचा नकाशा मांडून बसले होते. त्याने आम्हाला भिंगातून नाणे दाखवले. मागच्या बाजूस चित्राच्या पायाशी आडवी रेघ असते. रेघेखाली जी दोन-चार अक्षरे, ती टांकसाळीची खूण. 'एस एम ए एन' असेल तर अँटिओक, 'पी एल एन' असेल तर लंडन. नाणे हलके निघाले, तर कोणत्या टांकसाळीला जाब विचारायचा ते सरकारला कळावे म्हणून ही व्यवस्था. चौथ्या शतकात अशा बारा-पंधरा टांकसाळी चालत होत्या.

"मग चार हजारांचे कोणते?"

"लंडनचं, काका. एक विकणारा आहे. तो म्हणाला, तेरच्या शेतात नांगरताना सापडलंय. म्हणून तर पायजे. लंडनचं नाणं आपल्या मातीत!" आणि आईकडे वळून म्हणाला, "बाबासाहेबांनी पण उपाशी राहून पुस्तकं घेतलीच की!"

आता यावर काय बोलावे? मुलगा खोटे बोलत नव्हता. पण आम्ही त्याला दोन प्रश्न विचारले. लंडनची टांकसाळ कधी सुरू झाली? तो म्हणाला, सन 287 च्या सुमारास. आणि सातवाहनांचे राज्य कधी संपले? तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. एवढे बोलून तो थांबला. त्याचा त्यालाच हिशेब लागला. तेरचा रोमशी व्यापार भरात होता तो पहिल्या-दुसऱ्या शतकात. तेव्हा लंडनला टांकसाळच नव्हती!

वाचकहो, तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितले आहे. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. त्या मालाच्या मोबदल्यात रोमचे सोने-चांदी इकडे येई. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स भारत गिळतो, अशी कुरकुर रोमच्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. ते पैसे कोणत्या टांकसाळीचे? ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदीची नाणी आपल्या देशात ढिगाने निघाली, आणि त्यांतली बहुतेक आजच्या फ्रान्समधल्या लिओं गावी पाडलेली. तेलंगणात अक्कनपल्लीला अशा दीड हजारांच्या आसपास नाण्यांचा साठा सापडला. चौथ्या-पाचव्या शतकातली बारीक तांब्याची नाणी सापडतात ती मुख्यतः खाली तमिळनाडूत आणि श्रीलंकेत.

तेरला तर याहून नवलाची गोष्ट मिळाली आहे. रोमन नाण्याचा छाप उठवलेल्या मातीच्या चकत्या! ज्याला चांदी परवडत नव्हती, त्याने मातीत राजाचे मुंडके उठवून दागिना म्हणून वापरले. आमच्या मते कष्टकऱ्याचा इतिहास या मातीच्या चकतीत अधिक आहे.

आम्ही मुलाला आणखी एक गोष्ट समजावली. विकणारा खोटे सांगत असेल तर ही फसवणूक. आणि खरे सांगत असेल तर ते नाणे त्याचे नाहीच. जमिनीत पुरलेले धन दहा रुपयांहून जास्त किमतीचे निघाले तर कलेक्टरला लेखी कळवलेच पाहिजे, असा 1878 चा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे दोन्हीकडून व्यवहार नासका.

राहिला बाबासाहेबांचा दाखला. बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतली ती कपाटातली रांग भरायला नव्हे, वाचायला. कोलंबिया विद्यापीठात 1915 साली त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन भारतीय व्यापारावर, आणि 1923 साली त्यांचा रुपयावरचा ग्रंथ लंडनहूनच निघाला. नाणे मुठीत धरण्यापेक्षा नाण्यामागचा व्यवहार त्यांनी समजून घेतला.

मग हौस सोडायची का? मुळीच नाही. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळालेल्या जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या. ते सारे आज त्यांच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात, तेरमध्येच आहे. त्यांनी पंधरा गावांच्या मागे न धावता एक गाव पुरे केले. म्हणून तिथली वस्तू कुठली, हे विचारावे लागत नाही.

निघताना आम्ही त्या माउलीकडे सुटे पैसे मागितले. तिने पीठ-मिठाच्या डब्याशेजारची चिल्लर ओतली. आपल्या नाण्यावर सालाच्या खाली बघा. शंकरपाळीसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, बारीक टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुलाच्या आधी बापाला चांदणी सापडली! अर्ध्या तासात सगळे घर चिल्लरीवर वाकले होते. चारही टांकसाळींचा संच चार रुपयांत पुरा झाला. मग बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा 1990 चा रुपया आणि 2015 चे दहा रुपयांचे नाणे शोधायचे ठरले.

गेल्या आठवड्यात मुलाचे पत्र आले. फी भरली. एका रविवारी वडिलांबरोबर बार्शीमार्गे तेरला जाऊन तो संग्रहालय बघून आला. आडतीवरचा एक खाडा पडला, पण वडीलच म्हणाले, चल. लंडनचे घर अजून रिकामेच आहे. त्यात त्याने पेन्सिलीने टांकसाळीचे साल तेवढे लिहून ठेवले आहे.

बंधू-भगिनींनो, तुमच्या लेकरांच्या अशा वेडाला हसू नका आणि रागावूही नका. जवळ बसा, काय जमवतो ते विचारा. आणि कुणी 'शेतात सापडले' म्हणून काही विकायला आला, तर आधी साल विचारा. पैशाचा डबा मग उघडायचा की नाही ते ठरवा.