कळ दाबली, पुढे काय?

स्त्रियांच्या संरक्षणासाठी गळ्यातल्या पदकात किंवा मनगटावरच्या घड्याळात बसणारी यंत्रे आता बाजारात मिळतात. कळ दाबली की ठरविलेल्या आप्तांच्या मोबाइलवर त्या स्त्रीचा ठावठिकाणा उमटतो. दिल्लीच्या ‘लीफ वेअरेबल्स’ या तरुण अभियंत्यांच्या कंपनीस अशाच यंत्राबद्दल २०१८ साली ‘एक्सप्राइज’चे १० लक्ष डॉलरांचे पारितोषिक मिळाले. हाक ९० सेकंदांत पोचावी आणि वर्षाचा खर्च ४० डॉलरांच्या आत असावा, या त्या स्पर्धेच्या अटी होत्या. या बुद्धिमत्तेचे आम्हांस कौतुकच आहे.

परंतु हाक पोचली म्हणजे मदत पोचली असे होत नाही. सरकारने २०१६ साली नियम करून मोबाइलमध्ये संकटकळ सक्तीची केली. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरावयाचा. आमच्या किती वाचक भगिनींस हे ठाऊक आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे आढळते की, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. ज्याच्या मोबाइलवर हाक जावयाची, तोच भयाचे कारण असेल तर पदकाने काय करावे?

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण स्त्री-डॉक्टरवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. ती स्वतःच्या कामाच्या जागी होती. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने जाहीर केलेल्या उपायांत धोक्याची सूचना देणारे ॲप होते. आणि त्याच यादीत, शक्य तेथे स्त्रियांस रात्रपाळी देऊ नये, असेही होते! सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये यावर सरकारास खडसावले, हे उचितच झाले. यंत्र स्त्रीच्या हाती दिले की आपली जबाबदारी संपली, असे मानण्याची ही वृत्ती आम्हांस यंत्राच्या उणिवांपेक्षा अधिक चिंताजनक वाटते. ‘इतक्या रात्री बाहेर का होतीस?’ हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. उद्या त्यात ‘कळ का दाबली नाहीस?’ याची भर पडावयास वेळ लागणार नाही.

यासाठी आमची मागणी साधी आहे. ११२ क्रमांकावर स्त्रीची हाक आल्यापासून पोलीस किती मिनिटांत तिच्याजवळ पोचले, याचे ठाणेवार आकडे पोलीस आयुक्तांनी दरमहा प्रसिद्ध करावेत. ते छापण्यास आम्ही आमच्या पत्रात जागा देऊ.