अंगणांतलें दुसरें घर

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांनीं आपल्या जिल्ह्यांतील राहुरी-श्रीरामपूरकडील शेतें भिजूं लागलीं, ऊंस आला, आणि अनेक कुटुंबें गांवठाण सोडून शेतांतच वस्ती करून राहिलीं. आज या वस्त्यांवर फिरतांना एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. पुढें सिमेंटचा टुमदार बंगला, आणि मागें, गोठ्याला लागून, पत्र्याची एक खोली. खोलींत कोण राहतें हें विचारावें लागत नाहीं; दाराशीं काठी टेकलेली असते.

वृद्धांसाठीं निराळें घर बांधणें हेंच मुळीं पाप, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. म्हाताऱ्या माणसांना लवकर निजावयाचें असतें, नातवंडांचा गलका कधीं कधीं नकोसा होतो, आणि आपला चहा आपल्या हातानें करून घेण्याची हौसहि असते. प्रश्न एवढाच कीं, तें घर कोठें व कसें बांधावयाचें.

आम्हांस हें चुकून मग कळलें. आमच्या आईकरितां आम्हींहि परसांत दहा बाय बारा फुटांची पत्र्याची खोली बांधली होती. चैत्र-वैशाखांत आई दिवसभर लिंबाखालीं बसे. तिला झाडाची सावली फार आवडते, असें आम्ही कौतुकानें सर्वांस सांगत असूं. शेवटीं आमची धाकटी मुलगी म्हणाली, "आजीची खोली तापते, म्हणून आजी बाहेर बसते." एवढें गणित आमच्या पदवीस सुटलें नव्हतें! जुन्या माळवदाच्या घरांत, जाड मातीच्या भिंतींत, हा त्रास नव्हता. मग आम्हीं पत्र्याखालीं छत घातलें, उंच उंबरा काढला, व आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून दुसरें दार पाडलें. आतां रात्रीं ती खोकली तर आम्हांस ऐकूं येतें.

दुसरी गोष्ट कागदाची. जर्मनी व ऑस्ट्रियांतील खेड्यांत शेतकरी मुलाच्या हातीं शेत देतांना आपल्यासाठीं खोली, धान्य, दूध, जळण यांचा हक्क लेखी राखून ठेवी. ही चाल तेथें शतकानुशतकें चालत आली. आपल्याकडे असें लिहून मागणें म्हणजे मुलावर अविश्वास, असें समजतात, व सात-बारा मुलाच्या नांवें करून आईबाप मोकळे होतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यांत कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, तो सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून रद्द करवितां येते. परंतु अटच कागदावर नसेल तर काम अवघड होतें. पालकहो, ती अट अवश्य लिहावी. ज्याला सांभाळावयाचेंच आहे, त्याला त्या एका ओळीचा जाच कसला?

विद्यार्थी मित्रहो, या उन्हाळ्याच्या सुटींत एक काम करा. भर दुपारीं आजी-आजोबांच्या खोलींत दार लोटून तासभर बसा, आणि जें वाटेल तें वडिलांस सांगा. ते रागावणार नाहींत. आम्ही प्रथम थोडे रागावलों होतों, हें मात्र खरें.