तालीम आणि श्रेयांक

वडील दरबारी गवई. त्यांच्या तालमीला घड्याळ ठाऊक नव्हते. आज प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात 30 तास! हिशेब कोरडा खरा, पण मी त्याचा वैरी नाही. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी काढली. शिक्षण मध्येच सुटले तरी कमाई सात वर्षांपर्यंत जमा राहते. मुलींना हा मोठाच आधार. माझी एक शिष्या घरच्या आजारपणामुळे वर्षअखेर थांबली. परतली, तो खाते रिकामे! भरणा करावयाचा असतो संस्थेने, आणि तिच्या महाविद्यालयाने तो केलाच नव्हता. तेव्हा दर सत्राला खाते उघडून पाहावे, गुणपत्रिका जपाव्यात. तिने जपली होती. तिच्याच आधारे गेल्या आठवड्यात लेखी अर्ज दिला आहे.